जत्रेतलं गोंदण आणि कळ

पाली, पुसेगाव, म्हसवड, खरसुंडी. सातारा-सांगलीकडच्या जत्रांत गोंदणारीण सुयांची जुडी काजळीत बुडवून टोचायची आणि गाणं म्हणत पोरीचं चित्त दुसरीकडे वळवायची. वर हळद दाबायची. आता मशीन आलं, तरी सोबत कुणी बोलतं ठेवणारं असावंच. कळ खरंच कमी जाणवते.

सुई एक-दोन मिलिमीटर आत जाते. मनगट, घोटा, बरगडी अशा हाडालगतच्या जागी जास्त दुखतं, दंडावर कमी. जेवून जा, दारू नको, श्वास रोखू नका. बधिर करणारं मलम डॉक्टरांना विचारूनच.

दुखणं ओसरतं; वापरलेल्या सुईतून आलेला हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्ही मात्र गंभीर. नव्या सुईचं पाकीट डोळ्यांदेखत फोडायला लावाच. गोंदल्यावर 12 महिने रक्तदान करता येत नाही.