न सापडणारा वर्ग

जावा ही संगणकभाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली प्रसिद्ध केली. या भाषेतील आज्ञावली अनेक ‘वर्गां’ची मिळून बनते. हे सर्व वर्ग आरंभीच स्मृतीत आणले जात नाहीत. ज्याची गरज पडेल तो त्या वेळी शोधून आणला जातो. हे काम करणाऱ्या यंत्रणेस ‘क्लासलोडर’ म्हणतात. साहजिकच एखाद्या वर्गाचा अभाव आज्ञावली चालू झाल्यावर, पुष्कळदा अगदी आडवेळी, उघडकीस येतो.

१९९९ साली स्थापन झालेल्या ओएसजीआय या संघटनेने प्रमाणित केलेल्या रचनेत प्रत्येक घटकाला, म्हणजे ‘बंडला’ला, स्वतंत्र क्लासलोडर असतो. बाहेरचे कोणते पॅकेज हवे आणि स्वतःचे कोणते इतरांस खुले आहे, हे बंडलाच्या ‘मॅनिफेस्ट’ नामक पत्रकात नमूद करावे लागते. एरवी, शेजारच्याच बंडलातील वर्गही दिसत नाही. चाचणीतील घोळाचे मूळ येथेच आहे. साध्या चाचणीत सर्व फायली एकाच सामायिक यादीत असतात. तेथे निर्वेधपणे पार पडलेला घटक खऱ्या चौकटीत ठेवताच अडखळतो.

अशा वेळी येणाऱ्या दोन संदेशांत गल्लत होऊ देऊ नये. ‘क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन’ म्हणजे नाव सांगून मागितलेला वर्ग सापडला नाही. हे नाव बहुधा एखाद्या संरचना-फायलीतून आलेले असते. ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ म्हणजे संकलनाच्या वेळी उपलब्ध असलेला वर्ग प्रत्यक्ष चालताना मिळाला नाही. परंतु हा दुसरा संदेश फसवाही असतो. वर्ग जागेवर असून त्याची प्रारंभिक सिद्धताच फसली असेल, तर पहिल्या खेपेस निराळी त्रुटी नोंदली जाते आणि पुढील प्रत्येक खेपेस हाच संदेश येतो. म्हणून नोंदवही शेवटाकडून नव्हे, तर पहिल्या त्रुटीपासून वाचावी.

त्यानंतर वर्ग कोठे आहे यापेक्षा तो कोणत्या बंडलाने मागितला हे पाहावे. दुरुस्ती बहुधा त्याच्याच पत्रकात करावी लागते. घटकाच्या अंतर्गत वर्गांची चाचणी घ्यावयाची असल्यास चाचणीचे वर्ग ‘फ्रॅगमेंट’ म्हणून मूळ बंडलास जोडतात, म्हणजे दोहोंचा क्लासलोडर एकच होतो. वाटेल ते पॅकेज ऐन वेळी आयात करण्याची मुभा देऊनही त्रुटी नाहीशी होते, पण मग घटक वेगळे ठेवण्यात अर्थ काय उरला? पत्रक आपोआप तयार करणारी साधनेही आहेत. मात्र अवतरणचिन्हांत लिहिलेले वर्गाचे नाव त्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. त्याचे पॅकेज हातानेच नोंदवावे लागते.