सुरुंग-संमार्जक नौका आणि काफिल्यांचे रक्षण : ‘बेंगाल’च्या चकमकीचा विचार

पाणसुरुंग काढून जलमार्ग निर्धोक करणे हे ज्या नौकांचे नेमून दिलेले काम, त्यांची नावे आरमारी इतिहासात क्वचितच ठळकपणे येतात. विनाशिका, क्रूझर, युद्धनौका यांच्या पराक्रमाची वर्णने विपुल आहेत. परंतु ज्यांच्यामागून ही मोठी जहाजे बंदरात शिरतात त्या लहान सुरुंग-संमार्जक नौकांचा, नाविकांच्या नित्याच्या बोलीतील ‘माइनस्वीपर’चा, उल्लेख बहुधा तळटीपेपुरताच असतो. दुसऱ्या महायुद्धात मात्र या नौकांवर त्यांच्या मूळ कार्याहून निराळी अशी एक जबाबदारी येऊन पडली. व्यापारी जहाजांच्या काफिल्यांचे रक्षण ही ती जबाबदारी होय. तिचे स्वरूप काय होते, ती या नौकांवर का आली आणि हिंदी नौदलाच्या ‘बेंगाल’ या नौकेच्या सुप्रसिद्ध चकमकीचे मूल्यमापन त्या संदर्भात कसे करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम मूळ कार्य पाहू. नांगरलेला पाणसुरुंग समुद्रतळाशी असलेल्या वजनाला साखळीने बांधलेला असून पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही हातांवर तरंगत असतो. संमार्जक नौका आपल्या मागे एक लांब तारदोर ओढीत नेते. दोराच्या टोकाशी तरंगता बोया असतो; पाण्याच्या दाबाने बाजूला रेटल्या जाणाऱ्या फळ्यांच्या साह्याने दोर नौकेच्या एका अंगास तिरपा पसरतो व ठरावीक खोलीवर राहतो. दोरावर बसविलेल्या कर्तऱ्या सुरुंगाची साखळी कापतात. सुरुंग वर येतो आणि बंदुकीच्या गोळीबाराने तो फोडण्यात किंवा बुडविण्यात येतो. जर्मनीने १९३९ मध्ये चुंबकीय सुरुंगांचा वापर सुरू केल्यावर या पद्धतीला पाण्यावर तरंगणाऱ्या विद्युत्‌वाहक तारांची जोड द्यावी लागली. या कामासाठी नौका उथळ बुडीची, दणकट व संथ पण सातत्याने एका रेषेत चालणारी असावी लागते. वेग व मोठ्या तोफा यांची तिला फारशी गरज नसते.

मुंबईच्या दृष्टीने हे कार्य किती महत्त्वाचे होते याचा प्रत्यय पहिल्या महायुद्धातच आला होता. ‘वोल्फ’ या जर्मन छापामार जहाजाने १९१७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वाटेवर सुरुंग पेरले. पेरणारे जहाज केव्हाच दूर निघून गेले; परंतु त्यानंतर चार महिन्यांनी, जूनमध्ये, पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ ही आगबोट त्यांपैकी एका सुरुंगावर आदळून मुंबईच्या दक्षिणेस बुडाली. शत्रू समक्ष नसतानाही बंदर कोंडता येते, हा धडा त्यातून मिळाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात हिंदी नौदलाचा विस्तार करताना सुरुंग-संमार्जक नौकांना अग्रक्रम मिळाला, याची पार्श्वभूमी या अनुभवातही शोधता येते.

१९३९ मध्ये या नौदलाचे मनुष्यबळ दोन हजारांहूनही कमी होते. १९४५ पर्यंत ते पंचवीस हजारांच्या पुढे गेले. तत्पूर्वी या दलातील खलाशी प्रामुख्याने रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान कुटुंबांतून येत असत. युद्धकाळात पंजाबसह इतर प्रांतांतूनही मोठी भरती झाली. नव्या नौकांपैकी काही ब्रिटनमध्ये, काही ऑस्ट्रेलियात बांधल्या गेल्या. ब्रिटनमधून आलेल्या नौकांत ‘कोंकण’ नावाची एक नौका होती. ऑस्ट्रेलियात बांधलेल्या ‘बॅथर्स्ट’ वर्गाच्या साठ नौकांपैकी चार हिंदी नौदलाच्या वाट्यास आल्या. ‘बॉम्बे’, ‘बेंगाल’, ‘मद्रास’ आणि ‘पंजाब’ ही त्यांची नावे होत. या वर्गाला अधिकृत कागदपत्रांत ‘ऑस्ट्रेलियन सुरुंग-संमार्जक’ असे म्हटलेले असले, तरी सुरुंग काढणे, पाणबुड्यांचा शोध घेणे व काफिल्यांबरोबर जाणे अशी तिन्ही कामे तिने करावीत अशीच तिची योजना होती. म्हणूनच लोकांत ती ‘कॉर्व्हेट’ या नावाने ओळखली गेली.

एकाच नौकेकडून तीन कामे घेण्याची ही आवश्यकता का निर्माण झाली, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण उत्तर ध्रुवसमुद्रात मिळते. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर ऑगस्टपासून ब्रिटनने आर्खांगेल्स्क व मुर्मान्स्क या बंदरांकडे युद्धसामग्रीचे काफिले धाडण्यास आरंभ केला. युद्धाच्या अखेरीपर्यंत असे अठ्ठ्याहत्तर काफिले गेले-आले. या मार्गावर ब्रिटिश नौदलाच्या ‘हॅल्सियन’ वर्गाच्या सुरुंग-संमार्जक नौकांनी केलेली सेवा दुहेरी होती. कोला खाडीच्या तोंडाशी राहून त्या जलमार्गातील सुरुंग काढीत आणि काफिला जवळ आला की पुढे जाऊन त्याच्या रक्षकांत सामील होत. हिवाळ्यात उडणारे पाणी डेकवर गोठून जहाजाचा माथा जड होई व ते कलंडण्याचा धोका असे. तेव्हा खलाशांना कुऱ्हाडी व घणांनी बर्फ फोडून समुद्रात लोटावे लागे.

या नौकांचे खरे स्वरूप १९४२ च्या मे महिन्यात प्रकट झाले. पाणबुडीच्या हल्ल्याने जायबंदी झालेली ‘एडिंबरो’ ही क्रूझर मंदगतीने कोलाकडे परतत असता २ मे रोजी तीन जर्मन विनाशिकांनी तिला गाठले. तिच्याबरोबर दोन विनाशिका व काही संमार्जक नौका होत्या. ‘हॅरियर’, ‘गॉसमर’ व ‘हसार’ या लहान नौकांनी मागे न हटता आपल्या चार-इंची तोफांनिशी शत्रूकडे मोहरा वळविला. धुके, हिम व धूर यांच्या गोंधळात जर्मनांना त्या प्रत्यक्षाहून अधिक बलवान भासल्या, असे मानले जाते. ‘एडिंबरो’ अखेर गमवावी लागली; परंतु तिच्यावरील सुमारे आठशे माणसांना याच नौकांनी उचलून घेतले. शत्रूनेही आपली एक विनाशिका गमावून माघार घेतली.

परंतु धाडसाला प्रत्येक वेळी असे फळ मिळाले नाही. ‘गॉसमर’ त्याच वर्षी २४ जून रोजी कोला खाडीत विमानहल्ल्यात बुडाली. ५ जुलै रोजी ‘नायजर’ या नौकेने वाईट हवेत एका हिमनगाला आइसलंडचा भूभाग समजून काफिल्याचा मार्ग बदलला आणि ती अनेक व्यापारी जहाजांसह ब्रिटिशांनीच पेरलेल्या सुरुंगक्षेत्रात सापडून नष्ट झाली. सुरुंग काढणाऱ्या नौकेचा अंत स्वपक्षाच्या सुरुंगाने व्हावा, याहून विदारक विपर्यास दुसरा नाही. ३१ डिसेंबर रोजी ‘ब्रॅम्बल’ ही वाट चुकलेल्या जहाजांच्या शोधात एकटी फिरत असता ‘ॲडमिरल हिपर’ या अवजड क्रूझरच्या व तिच्या सोबतच्या विनाशिकेच्या तडाख्यात सापडली. तिच्यावरील एकही माणूस वाचला नाही.

‘ब्रॅम्बल’च्या अंतापूर्वी सात आठवडे, तेथून हजारो मैलांवर, हिंदी महासागरात ‘बेंगाल’वर असाच प्रसंग ओढवला होता. हवामान व शत्रू निराळे होते. परंतु प्रसंगाची घडण तीच होती. ‘बेंगाल’ सिडनी येथील कॉकॅटू गोदीत बांधली जाऊन ऑगस्ट १९४२ मध्ये सेवेत दाखल झाली. तिचे वजन सुमारे साडेसहाशे टन, परमवेग ताशी सुमारे पंधरा सागरी मैल, आणि मुख्य तोफ एकच होती. लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन हे तिचे अधिपती होते. हिंदुस्थानाकडे येताना तिने ५ नोव्हेंबर रोजी ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदर सोडले. ‘ओंदिना’ हे सहा हजार टनांचे डच तेलवाहू जहाज तिच्या संरक्षणाखाली होते. ते दिएगो गार्सियामार्गे आबादानला तेल भरण्यासाठी रिकामे जात होते. त्याच्यावरही एक चार-इंची तोफ असून ती चालविणाऱ्यांत ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश व डच असे तिन्ही देशांचे लोक होते.

११ नोव्हेंबर रोजी कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस, भर समुद्रात, त्यांना दोन मोठी जहाजे दिसली. ‘होकोकू मारू’ व ‘आयकोकू मारू’ ही ती जपानी सशस्त्र व्यापारी जहाजे होत. प्रत्येकाचा आकार दहा हजार टनांहून अधिक असून, त्यांवर अनेक अवजड तोफा, पाणतीर सोडण्याच्या नळ्या व टेहळणीची विमाने होती. त्यांचा वेग ताशी वीस सागरी मैलांच्या वर होता. याच जोडीने त्या वर्षी मे ते जुलै या काळात ‘जेनोटा’ व ‘हौराकी’ ही जहाजे पकडली होती व ‘एलिसिया’ हे बुडविले होते.

अशा वेळी पळ काढणे दोन्ही जहाजांना अशक्य होते. विल्सन यांनी ‘ओंदिना’ला स्वतंत्रपणे निघून जाण्याचा आदेश दिला आणि ‘बेंगाल’चे मुख सरळ शत्रूकडे वळविले. तेलवाहू जहाजाला निसटण्यास वेळ मिळावा, हा त्यातील हेतू होता. ‘ओंदिना’चे कप्तान विलेम होर्समन यांनी मात्र आपला वेग पाहता पळणे व्यर्थ आहे असे ठरवून गोळीबार चालू ठेवला. थोड्याच वेळात एका गोळ्याने ‘होकोकू मारू’च्या पाणतीरांजवळ स्फोट झाला, आग विमानाच्या इंधनापर्यंत व पुढे दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत पोहोचली, आणि ते प्रचंड जहाज बुडाले.

पुढील घटनाक्रम गुंतागुंतीचा आहे. दारूगोळा संपत आल्यावर ‘बेंगाल’ धुराच्या आडोशाने निसटली. तिला गोळे लागले, परंतु तिच्यावरील कोणी दगावले नाही. ‘ओंदिना’चा दारूगोळाही संपला, कप्तान होर्समन ठार झाले, खलाशांनी जहाज सोडले. ‘आयकोकू मारू’ने त्याला पाणतीर मारले, जीवरक्षक होड्यांवर मशीनगन चालविली आणि मग आपल्या बुडालेल्या जोडीदाराच्या माणसांना वाचविण्यास ती वळली. रिकाम्या टाक्यांमुळे तरंगत राहिलेल्या ‘ओंदिना’वर खलाशी पुन्हा चढले, त्यांनी आग विझविली आणि १८ नोव्हेंबरला ते जहाज फ्रीमँटलला परत नेले. त्याच्या आदल्या दिवशी ‘बेंगाल’ दिएगो गार्सियास पोहोचली होती. तेथे पोहोचताना ‘ओंदिना’ बुडाले असावे, अशीच तिच्यावरील लोकांची समजूत होती.

यानंतर जो वाद उभा राहिला तो अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘होकोकू मारू’ला लागलेला निर्णायक गोळा कोणाचा? दोन्ही जहाजांनी त्याच सुमारास त्याच लक्ष्यावर मारा केला आणि दोन्हींवरील तोफचींनी तो गोळा आपलाच असे प्रामाणिकपणे मानले. हिंदुस्थानात हा विजय ‘बेंगाल’च्या नावे नोंदला गेला व विल्सन यांना डी. एस. ओ. हे सन्मानपदक मिळाले. नंतरच्या अनेक लेखकांचा कल मात्र तो गोळा ‘ओंदिना’चा असावा असे मानण्याकडे आहे. प्रत्यक्षदर्शींची साक्ष येथे अपुरी का पडते, हे उघड आहे. धुराने वेढलेल्या व स्वतः मारा सोसणाऱ्या तोफचीला आपला गोळा आणि शेजाऱ्याचा गोळा यांतील भेद हजारो वारांच्या अंतरावरून दिसणे कठीण असते. शिवाय ज्या जहाजाची बातमी प्रथम पोहोचते त्याचे कथन आधी रूढ होते. ‘बेंगाल’च्या लोकांना तर ‘ओंदिना’ हा प्रतिस्पर्धी साक्षीदार जिवंत असल्याचेच ठाऊक नव्हते.

तथापि हा वाद म्हणजेच ‘बेंगाल’च्या मूल्यमापनाचा प्रश्न, असे मानणे सयुक्तिक नाही. रक्षक नौकेच्या यशाची कसोटी तिने बुडविलेली जहाजे ही नसून तिने राखलेली जहाजे ही होय. ‘ब्रॅम्बल’ने बहुधा शत्रूचे एकही जहाज बुडविले नाही, तरी तिचा काफिला सुरक्षित बंदराला लागला, आणि तिच्यावर खर्ची पडलेला शत्रूचा वेळ त्या हिशेबात धरावाच लागतो. ‘हॅरियर’ व ‘गॉसमर’ यांचे श्रेय त्यांनी वाचविलेल्या माणसांत मोजले जाते. हेच माप ‘बेंगाल’ला लावले, तर गोळा कोणाचा हा प्रश्न गौण ठरतो. साडेसहाशे टनांच्या नौकेने वीस हजार टनांच्या शत्रूकडे मोहरा वळविला. त्यामुळे त्याचा मारा दोन लक्ष्यांत विभागला गेला आणि ‘ओंदिना’च्या तोफेला आपले काम करण्यास अवधी मिळाला. निर्णायक गोळा ‘ओंदिना’चा असल्याचे पूर्णपणे सिद्ध झाले तरी या विधानाला बाध येत नाही. उलट, केवळ गोळ्याच्या मालकीवर गौरव उभारल्यास नव्या पुराव्यासरशी तो ढासळण्याची भीती राहते. राष्ट्रीय अभिमानाच्या विषयांत पुराव्याशी प्रामाणिक राहण्याचे हेही एक कारण आहे.

‘आयकोकू मारू’ १९४४ च्या फेब्रुवारीत ट्रुक येथे अमेरिकन विमानांनी बुडविली. ‘बेंगाल’ स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलात राहिली आणि १९६० मध्ये मोडीत काढण्यात आली. तिच्या मूळ कार्याची, म्हणजे सुरुंग काढण्याची, आठवण फारशी कोणी ठेवली नाही. ते काम यथास्थित पार पडले की काहीच घडत नाही. जहाजे येतात व जातात. सुरुंग-संमार्जक नौकांच्या इतिहासाची साधने विरळ असण्याचे हेच प्रमुख कारण होय. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने चकमकींच्या वृत्तांतांबरोबरच सुखरूप पोहोचलेल्या काफिल्यांच्या नोंदीही तितक्याच काळजीने वाचल्या पाहिजेत.