टायर सीलंट (दुचाकी)

टायर सीलंट हे दुचाकीच्या टायरमध्ये किंवा ट्यूबमध्ये भरले जाणारे दाट द्रव मिश्रण आहे. काटा, खिळा किंवा तार घुसून पडलेले लहान छिद्र ते आतून बुजवते आणि हवा निघून जाण्यास प्रतिबंध करते. पंक्चर होण्यापूर्वीच भरून ठेवायचे प्रतिबंधक सीलंट आणि पंक्चर झाल्यानंतर वापरायचे तात्पुरते सीलंट असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. प्रस्तुत लेख प्रामुख्याने पहिल्या प्रकाराविषयी आहे. मोटारसायकलला जास्तीचे चाक (स्टेपनी) नसते. त्यामुळे वस्तीपासून दूर पंक्चर झाल्यास वाहन ढकलत नेण्यावाचून सहसा पर्याय उरत नाही. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे आणि आसपासच्या काटेरी झाडोऱ्याच्या प्रदेशात सीलंटचे महत्त्व या कारणाने वाढते.

घटक

प्रतिबंधक सीलंटचा द्रव भाग बहुधा पाणी आणि ग्लायकॉल यांचा असतो. ग्लायकॉलमुळे मिश्रण लवकर वाळत नाही. त्यात कृत्रिम किंवा सेल्युलोजचे आखूड तंतू, रबराचा चुरा किंवा तत्सम सूक्ष्म कण, मिश्रण दाट ठेवणारे पदार्थ आणि रिम गंजू नये म्हणून गंजरोधके मिसळलेली असतात. तात्पुरत्या वापराच्या सीलंटमध्ये रबराचा चीक, म्हणजे लॅटेक्स, असतो. तो छिद्रापाशी घट्ट होऊन बसतो. परंतु काही काळाने टायरमध्ये सुकून त्याचे गोळे होतात.

कार्यपद्धती

चाक फिरू लागले की केंद्रोत्सारी परिणामामुळे द्रव टायरच्या जमिनीकडील भागाच्या आतल्या बाजूस पसरतो आणि तेथे त्याचा पातळ थर तयार होतो. काटा घुसून छिद्र पडल्यावर आतील हवेचा दाब द्रवाला त्या छिद्रात ढकलतो. द्रवातील तंतू छिद्रात आडवेतिडवे अडकतात, त्यांच्या जाळीत सूक्ष्म कण बसतात आणि बूच तयार होते. ही क्रिया मुख्यतः यांत्रिक स्वरूपाची असल्याने छिद्र तंतूंना अडवून धरण्याइतके लहान असणे आवश्यक असते. ट्यूबलेस टायरसाठी सुमारे ६ मिलिमीटर आणि ट्यूबसाठी सुमारे ३ मिलिमीटर व्यासापर्यंतची छिद्रे बुजतात, असे उत्पादक साधारणपणे सांगतात.

ट्यूबलेस टायर आणि ट्यूब

ट्यूबलेस टायरचे रबर जाड असते आणि घुसलेल्या काट्याला ते घट्ट धरून ठेवते. छिद्र स्थिर राहत असल्याने त्यात सीलंटचे बूच चांगले टिकते. ट्यूबचे रबर पातळ आणि ताणलेले असते. काट्याचे टोक टायरमध्ये राहिल्यास ट्यूब त्यावर घासत राहते आणि छिद्राची फाट होते. अशी फाट सीलंटने बुजत नाही. तारेच्या आऱ्यांच्या सामान्य चाकात आरे बसविण्याच्या छिद्रांतून हवा निसटते, म्हणून अशा चाकात ट्यूब लागते. ग्रामीण भागातील अनेक जुन्या मोटारसायकलींना अशीच चाके आहेत.

भारतातील वापर

सीलंट सुटे विकले जाते, तसेच काही ट्यूब व टायर कारखान्यातूनच सीलंटसह येतात. होंडा कंपनीच्या ॲक्टिव्हा स्कूटरमधील ‘टफ-अप ट्यूब’मध्ये असा द्रव भरलेला असे. सिएट कंपनीने दुचाकींसाठी ‘पंक्चर सेफ’ या नावाने आतून सीलंटचा थर असलेले ट्यूबलेस टायर बाजारात आणले. चारचाकींच्या बाबतीत जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करण्यात आली. तीनुसार, ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींमध्ये ट्यूबलेस टायर, टायरमधील दाब दर्शविणारी यंत्रणा आणि सीलंटसह दुरुस्ती संच असल्यास जास्तीचे चाक ठेवणे बंधनकारक राहिले नाही. मोटारसायकलवर मात्र चालकाला दाबातील घट सांगणारी यंत्रणा बहुधा नसते.

वऱ्हाडातील परिस्थिती

धामणगाव रेल्वे हे हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावरील स्थानक आणि तालुक्याचे मुख्यालय आहे. तळेगाव दशासर, मंगरूळ दस्तगीर यांसारखी गावे या तालुक्यात येतात, तर यवतमाळकडे जाणारा रस्ता बाभूळगाववरून जातो. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग या तालुक्यातून गेला असला तरी त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे दुचाकीची वाहतूक जुने रस्ते, गावरस्ते आणि शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्यांवरूनच होते.

या रस्त्यांच्या कडेला बाभूळ, हिवर, बोर आणि वेडी बाभूळ आढळते. बाभळीचे सरळ, टणक काटे अनेक सेंटीमीटर लांब असतात. शेताच्या कुंपणासाठी तोडलेल्या काटेरी फांद्या पांदणीतून ओढून नेताना त्यांचे काटे वाटेत गळतात. जमिनीलगत पसरणाऱ्या सराट्याची काटेरी फळे टायरला चिकटतात. पीक कापल्यानंतर शेतात राहिलेले तुरीचे आणि पऱ्हाटीचे तिरपे खुंटही टायरमध्ये घुसतात. यांपैकी काट्यांची छिद्रे सहसा बारीक आणि टायरच्या तळाच्या भागात असतात. सीलंट ज्या छिद्रांसाठी बनविलेले असते, ती हीच होत. याउलट खुंटाने किंवा तुटक्या लोखंडी पत्र्याने पडणारी चीर सीलंटच्या आवाक्याबाहेरची असते.

वऱ्हाडातील उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत किंवा त्याहून अधिक जाते. उन्हात दीर्घकाळ उभ्या असलेल्या वाहनात सीलंट तळाशी साचते आणि हळूहळू त्यातील पाण्याचा अंश कमी होतो. म्हणून वेष्टनावर दिलेली मुदत संपण्यापूर्वीही सीलंट द्रवरूप आहे की नाही, हे येथे तपासणे हितावह ठरते.

भरण्याची पद्धत

मोटारसायकलच्या प्रत्येक टायरला साधारणतः २०० ते ३५० मिलिलिटर सीलंट लागते; नेमके प्रमाण टायरच्या मापानुसार वेष्टनावर दिलेले असते. चाक फिरवून वॉल्व्ह तळापासून वर आणला जातो, हवा सोडून वॉल्व्हची पिन काढली जाते आणि नळीने सीलंट आत सोडले जाते. त्यानंतर पिन बसवून, वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी हवा भरून वाहन काही किलोमीटर चालविले जाते. हवा भरताना किंवा मोजताना वॉल्व्ह तळाशी असल्यास द्रव पिनेत जाऊन ती चोंदते.

वाहन चालवत असताना काटा घुसून हवा निघू लागल्यास थांबून काटा काढतात, छिद्र जमिनीच्या बाजूस येईल असे चाक फिरवितात, म्हणजे द्रव त्या जागी जमा होतो. गळती थांबल्यावर हवा भरून थोडे अंतर सावकाश जाऊन दाब पुन्हा तपासला जातो.

मर्यादा आणि धोके

टायरची बाजूची भिंत, लांब चीर, वॉल्व्हच्या बुडाशी होणारी गळती आणि वाकलेल्या रिममधून जाणारी हवा यांवर सीलंटचा उपयोग होत नाही. झिजलेल्या टायरलाही ते पर्याय ठरत नाही. रबर पातळ झाल्यामुळे काटे अधिक सहज आत जातात.

सीलंटचा मुख्य धोका त्याच्या यशातच आहे. हवा न गेल्याने काटा किंवा खिळा टायरमध्येच असल्याचे चालकाच्या लक्षात येत नाही. छिद्रातून पाणी शिरल्यास टायरच्या आतील धाग्यांचे थर कमकुवत होऊ शकतात. अनेक छिद्रांतून थोडी थोडी हवा जात राहिल्यास दाब उतरतो; कमी दाबाचा टायर अधिक लवतो, तापतो आणि वेगात असताना निकामी होऊ शकतो. म्हणून सीलंट भरलेल्या टायरची दर आठवड्याला हवा तपासणे आणि तळाचे निरीक्षण करून अडकलेले काटे काढणे आवश्यक असते. मोठे छिद्र सीलंटने तात्पुरते बुजले तरी त्याची आतून ठिगळ लावून कायमची दुरुस्ती करावी लागते.

दुरुस्तीच्या वेळी सीलंट अडचणीचे ठरते. ओल्या पृष्ठभागावर ठिगळाचे सोल्युशन धरत नाही. त्यामुळे टायर किंवा ट्यूब आधी धुऊन कोरडी करावी लागते. टायरमध्ये सीलंट असल्याचे पंक्चर काढणाऱ्यास आधी सांगितल्यास त्याला तशी तयारी करता येते.

काही सीलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते विषारी आणि चवीला गोडसर असल्याने जनावरे ते चाटण्याची शक्यता असते. टायर धुतलेले पाणी व उरलेले सीलंट गोठा, गुरांचा हौद आणि विहीर यांपासून दूर ठेवणे गरजेचे असते. प्रॉपिलीन ग्लायकॉल त्या मानाने कमी विषारी असते.