न गंजणाऱ्या पोलादावरचे बारीक छिद्र

हैदराबादच्या दिलसुखनगरसारख्या गजबजलेल्या पेठेत स्टेनलेस स्टीलचा डबा घेताना गिऱ्हाईक हटकून विचारते, ‘गंजणार नाही ना?’ दुकानदार ‘मुळीच नाही’ म्हणतो. त्याचे उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे.

हे पोलाद का गंजत नाही, ते प्रथम पाहू. १९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्यांसाठी न झिजणारे पोलाद शोधीत होते. त्यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेले पोलाद ओतविले आणि ते आम्लालाही दाद देत नाही असे त्यांना आढळले. यातील क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखांश भागाच्या अवघी दोन-तीन पट असते. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा भरून येतो. स्टीलचे सारे संरक्षण एवढ्या पापुद्र्यावर अवलंबून आहे.

या पापुद्र्याचा वैरी म्हणजे मिठातील क्लोराइड. धातूत गंधकाच्या संयुगाचा एखादा कण अडकलेला असतो, तेथे पापुद्रा दुबळा राहतो. क्लोराइड नेमके तेथे घुसते आणि सुईच्या अग्राएवढा खड्डा पडतो. खड्ड्यात विरघळलेल्या धातूचा पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते. धातूच्या धन विद्युत्‌भारामुळे आणखी क्लोराइड आत ओढले जाते. ऑक्सिजन आत पोहोचत नसल्याने पापुद्रा पुन्हा धरत नाही. भोवतालच्या विस्तीर्ण चकचकीत पृष्ठभागावर ऑक्सिजनची क्रिया चालू राहते आणि तिची सारी किंमत त्या एका छिद्राला मोजावी लागते. म्हणूनच भांड्याचे वजन जवळजवळ तेवढेच राहते, पण बूड मात्र आरपार जाते.

फटीतील गंजाची रीतही अशीच. पण त्याला धातूत दोष असावा लागत नाही. कानाच्या रिव्हेटखाली, नळाच्या वॉशरमागे, टाकीच्या तळाशी साचलेल्या गाळाखाली पाणी कोंडते. त्यातील ऑक्सिजन संपतो, आम्ल वाढते आणि गंज सुरू होतो. छिद्र पडण्यास लागणाऱ्या क्लोराइडपेक्षा कमी क्लोराइडही येथे पुरते.

ही हानी भांड्यापुरतीच राहते असे नाही. स्वित्झर्लंडमधील उस्टर गावी १९८५ साली पोहण्याच्या तलावावरचे काँक्रीटचे छत कोसळून १२ माणसे दगावली. ते छत स्टेनलेस स्टीलच्या गजांनी टांगलेले होते. तलावाच्या दमट हवेतील क्लोराइड आणि छताच्या भाराचा ताण यांनी मिळून ते गज आतून चिरत नेले होते. वरून पाहणाऱ्यास संकटाची कल्पनाही आली नाही.

यावर उपाय आहेत. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलच्या नेहमीच्या स्टीलमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घातले, की ते क्लोराइडशी अधिक टक्कर देते. समुद्राच्या पाण्यासाठी टायटॅनियम त्याहून सरस. दिलसुखनगरापासून जवळच, कांचनबाग येथे, १९७३ साली स्थापन झालेल्या मिश्र धातु निगम या सरकारी कारखान्यात टायटॅनियमच्या मिश्रधातू आणि खास पोलादे तयार होतात.

गृहिणीने मात्र साध्या गोष्टी सांभाळाव्यात. मीठ थंड पाण्यात टाकून बुडाशी बसू देऊ नये. पाणी उकळल्यावर घालून ढवळावे. खारट आमटी किंवा लोणचे स्टीलच्या भांड्यात दिवसचे दिवस ठेवू नये. ब्लिचिंग पावडर व न्हाणीघर धुण्याचे ॲसिड स्टीलला लावू नये. लोखंडी तारेच्या काथ्यानेही घासू नये. त्याचे कण चिकटून तेथे गंज धरतो. भांडे धुऊन, पुसून, कोरडे करून ठेवावे. मोकळी हवा लागली की पापुद्रा आपली डागडुजी आपणच करून घेतो.