आधी वीज, मग प्रोसेसर

संध्याकाळी सियालदहच्या फलाटावर उभं राहिलं, की बनगाव, कृष्णनगर, कॅनिंगच्या लोकलमध्ये भाजीच्या रिकाम्या टोपल्यांबरोबर आणखी एक ओझं चढताना दिसतं. सुतळीने बांधलेला उंच पुठ्ठ्याचा खोका, आणि त्यात नुकताच जोडलेला संगणक. चांदनी बाजारात सुटे भाग घ्यायचे, तिथेच जोडून घ्यायचे आणि खोका मांडीवर घेऊन गावी निघायचं, ही इथली रीत आहे. त्यातला एखादा भाग पंधरा दिवसांत बंद पडला, तर वॉरंटीत बदलून मिळतोही. पण तो घेऊन पुन्हा कोलकात्याला यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. कमी पैशांत संगणक जुळवायचा हिशेब करताना मी या माणसांना डोळ्यांपुढे ठेवते. ज्याच्या घरात एकच यंत्र असणार आहे, त्याला ते बंद पडणं परवडत नाही.

या हिवाळ्यात मला असाच एक हिशेब जवळून बघता आला. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूरकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर गेले, तसे कोलकात्यातही आले. त्यांतलं एक कुटुंब सियालदहहून चालत जाण्याच्या अंतरावर, बिपिन बिहारी गांगुली स्ट्रीटमागच्या एका जुन्या वाड्यात राहतं. त्यांची मुलगी सांख्यिकी शिकते. तिला पायथॉन चालवायचं होतं, वर्ग बघायचे होते, थोडं व्हिडिओचं काम करायचं होतं. पैसे होते पस्तीस हजार, आणि घरात एक जुना मॉनिटर होता. ‘मावशी, तुम्ही येता का बरोबर?’ असं तिने विचारलं आणि आम्ही तिघं निघालो, तिचे वडील हिशेबाची वही घेऊन.

चांदनीपर्यंत चालत जाता येतं, मेट्रोनेही. ऑगस्ट २०२५ पासून सियालदह आणि एस्प्लनेड ही मेट्रोची शेजारशेजारची स्थानकं झाली आहेत. याच मार्गाच्या बोगद्याच्या कामात २०१९ साली इथल्या बोउबाजारातली घरं खचली होती, त्यामुळे मुलीच्या वडिलांना त्या गाडीत बसायला अजून आवडत नाही. आम्ही चालत गेलो. सोनारांच्या दुकानांवरून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू, तिथून डावीकडे वळून चांदनी. ई-मॉलमधली काचेची दुकानं एका बाजूला आणि मॅडन स्ट्रीट, प्रिन्सेप स्ट्रीटच्या आसपासची अरुंद दुकानं दुसऱ्या बाजूला. त्या अरुंद दुकानांत काउंटरवरच एक उघडा मदरबोर्ड पडलेला असतो आणि ज्याचा त्याचा भाग त्यावर लावून दाखवतात.

पहिल्याच दुकानात जे व्हायचं तेच झालं. ‘दादा, कोतो बाजेट?’ पस्तीस म्हटल्याबरोबर दुकानदाराने प्रोसेसरपासून सुरुवात केली. एक मोठा आकडा, त्याला साजेलसा खोका, पुढे रंगीत दिव्यांचे पंखे, आणि शेवटी पॉवर सप्लायपुढे नुसतं ‘४५० वॉट’. कुठल्या कंपनीचा, हे लिहायची गरज कोणाला वाटली नव्हती. स्वस्त यंत्राची नासाडी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते, असं माझं ठाम मत आहे. यादी उलट्या टोकाने वाचायला हवी.

मी तो ४५० वॉटचा डबा मागून घेतला. बाजूच्या चिठ्ठीवर १२ व्होल्टच्या ओळीत १६ अँपिअर लिहिलेले होते. बारा सोळे एकशे ब्याण्णव. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघेही १२ व्होल्टवरच जगतात, म्हणजे खऱ्या कामाला मिळणार १९२ वॉट. उरलेला आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींतून वर चढवलेला. मुलीच्या वडिलांनी डबा हातात घेतला, दुसऱ्या हातात एका नावाजलेल्या कंपनीचा घेतला. वजनावर जगणारा माणूस. ‘ह्यो पोकळ हाय,’ एवढंच म्हणाले. वजन हा काही शेवटचा पुरावा नाही, पण आत तांब्याची गुंडाळी, उष्णता सोडणारे धातूचे पत्रे आणि मोठे कपॅसिटर कमी असले, तर डबा हलका लागतोच. मुख्य म्हणजे व्होल्टेज वर गेलं की स्वतःला बंद करून घेणारं संरक्षण अशा डब्यात बहुधा नसतं. असा सप्लाय जळताना एकटा जळेलच असं नाही, कधी बोर्ड आणि डिस्कही बरोबर जातात. तिच्या यंत्राला सगळं मिळून दीडशे वॉटसुद्धा लागणार नव्हते. म्हणून ४५० की ५५० हा वादच नव्हता, खऱ्या ४५० चा हवा होता. ‘८० प्लस ब्राँझ’चा शिक्का वीज किती वाया जात नाही ते सांगतो. संरक्षण आहे की नाही हे त्यावरून कळत नाही, ते कंपनीच्या माहितीपत्रकात बघावं लागतं. आम्ही पाच वर्षांच्या वॉरंटीचा घेतला.

मग प्रोसेसर. ग्राफिक्स कार्डाला पैसे नव्हते, म्हणजे चित्र पडद्यावर आणणारा भाग प्रोसेसरमध्येच असायला हवा. इंटेलच्या नावापुढे एफ असेल तर तो नसतो, आणि तोच नेमका थोडा स्वस्त असतो. यात पुष्कळ जण फसतात. दोन पर्याय उरले. इंटेलचा आय-३ १२१००, चार गाभ्यांचा, आणि एएमडीचा रायझन ५ ५६००जी, सहा गाभ्यांचा, ६५ वॉटचा. व्हिडिओ आणि आकडेमोड दोन्ही आहेत म्हटल्यावर मी सहा गाभ्यांच्या बाजूने. तो ज्या एएम४ सॉकेटमध्ये बसतो, ते २०१६ चं आहे. त्याचं पुढे काही नाही, असं दुकानदाराने बजावलं, आणि ते खरंही आहे. नवीन एएम५ मध्ये पुढची वाट मोकळी आहे, पण त्याला डीडीआर५ मेमरीच लागते.

आणि मेमरी हीच या वर्षीची खरी अडचण. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मागणी इतकी ओढली, की कारखान्यांनी क्षमता तिकडे वळवली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याआधीच मेमरीच्या पट्ट्यांचे भाव दुपटीच्या वर गेले होते. परदेशातल्या गोदामांसाठी झालेल्या सौद्यांची किंमत बनगावच्या लोकलमधला मुलगा चांदनीच्या काउंटरवर मोजतो, आणि त्याला ते कोणी सांगतही नाही. मला याचा मनापासून राग येतो. नवीन पट्ट्यांच्या भावात तिचं अंदाजपत्रक तिथेच मोडत होतं.

म्हणून मेमरी वापरलेली घेतली. जुनं काय घ्यावं आणि काय घेऊ नये, याचं माझं गणित सरळ आहे. मेमरीच्या पट्टीत हलणारं काही नाही, झिजणारं फारसं काही नाही, आणि ती एका रात्रीत तपासता येते. प्रोसेसरही तसाच, फक्त एएम४ च्या खालच्या टाचण्या वाकलेल्या नाहीत ना, हे मोबाइलचा उजेड तिरपा टाकून बघायचं. पॉवर सप्लाय जुना घ्यायचा नाही. एसएसडी जुनी घ्यायची नाही, कारण तिच्यावर किती वेळा लिहायचं याला मर्यादा असते. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, सोळाची एक नाही. ३२०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाते, दोन शेजारी लावल्या की ५१.२. प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स याच मेमरीवर चालतं, त्यामुळे हा फरक व्हिडिओ सरकवताना हाताला जाणवतो.

वडिलांनी पट्टी उलटी करून तिचे पिवळे दात निरखले. ‘काय ओ ताई, ह्यात सोनं किती आसंल?’ मुलामा आहे, गंज चढू नये म्हणून, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि वहीत भाव लिहिला.

दुकानदाराने शेवटचा डाव टाकला. तिसऱ्या पिढीचा आय-५, ‘नवा’ एच६१ बोर्ड आणि मेमरी, सगळा संच निम्म्या पैशांत. बोर्ड खरोखरच नवा होता, पण प्रोसेसर २०१२ च्या सुमाराचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं, मोजके अपवाद सोडता, काही घेत नाही. त्यावर लिनक्स उत्तम चालेल, आणि ज्याच्याकडे तेवढेच पैसे आहेत त्याला मी तोच संच घ्यायला सांगेन. हिच्याकडे त्याहून जास्त होते.

बोर्ड निवडताना मात्र जुन्या मॉनिटरने अडवलं. त्याला फक्त व्हीजीए. ए५२० चे काही बोर्ड अजून ते निळं सॉकेट देतात, तसाच बघून घेतला, त्यामुळे नवा पडदा पुढच्या वर्षावर ढकलता आला. बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्यातलं बायॉस ५६००जी ओळखत नाही. म्हणून पैसे देण्याआधी काउंटरवरच चालू करून बघितलं. पावती पक्की, जीएसटीची, प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून. कच्च्या पावतीवर सूट मिळत होती. ती नको, हे मला सांगावंच लागलं नाही, वहीवाल्यांनीच सांगितलं.

या शहरात संगणक जुळवायची परंपरा जुनी आहे. समरेंद्रकुमार मित्र यांनी १९५३ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेत दहा चलांची समीकरणं सोडवणारं अ‍ॅनालॉग यंत्र बांधलं. १९६६ मध्ये ती संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून आयएसआयजेयू-१ उभं केलं. सांख्यिकी शिकणाऱ्या मुलीला हे ठाऊक नव्हतं. जोडणी चालू असताना मी तिला सांगितलं, आणि कूलरचा चौथा स्क्रू तिने कारागिराच्या हातून घेऊन स्वतः आवळला, थोडा थोडा.

घरी मेमटेस्ट रात्रभर चालला आणि एकही चूक निघाली नाही. पण सकाळी तिचा फोन आला, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. पॉवर सप्लाय बिघडला म्हणून परत द्यायचा का, असं वडील विचारत होते. त्याचा दोष नव्हता. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी त्याच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून धातूच्या डब्याला जोडलेला. अर्थिंग असेल तर तिथला किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर २३० च्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज डब्यावर तरंगत राहतं. प्रवाह अगदी कमी, पण हाताला कळण्याइतका. आणि अर्थिंगच नसेल, तर उद्या आत खरीच गळती झाली तरी तिला जायला वाट नाही.

इलेक्ट्रिशियनने फेज आणि तिसऱ्या भोकाच्या मध्ये बल्ब धरला. लागला नाही. सॉकेट तीन भोकांचं होतं, मागे तारा दोनच. वाड्यातल्या बाकीच्या खोल्यांतही तेच. खाली मीटरपाशी जमिनीत गेलेली पट्टी शाबूत होती, फक्त वरपर्यंत कोणी आणली नव्हती. रंगीत पंख्यांचे वाचवलेले पैसे हिरव्या तारेला आणि मजुरीला गेले. वडिलांनी त्याच तारेतून फाटा काढून खालच्या गलाईच्या खोलीतल्या मोटरलाही अर्थिंग जोडून घेतलं, आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांना विचारायला गेले, की वर्गणी काढून प्रत्येक खोलीत तार न्यायची का. दोन घरांनी हो म्हटलं आहे.