किल -९ चा फोन कोण उचलणार?

बोईसरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. तारापूर एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात वजनकाट्याला जुना युनिक्स संगणक जोडलेला आहे. पावतीचा प्रोग्राम मधूनच अडकतो आणि 'किल -९' ही प्रोग्राम मारण्याची आज्ञा देऊनही मरत नाही. असं कसं?

तुमच्याच काट्यावर जाऊन बघा. ट्रक काट्यावर चढलाय, ड्रायव्हर मोबाइल केबिनमध्ये टाकून पावतीच्या खिडकीशी उभा आहे. मालक फोनवर फोन करतोय, 'माल रद्द, परत ये.' फोन वाजतोय, पण पावती हातात पडेपर्यंत ड्रायव्हर केबिनकडे फिरकणार नाही. मागे गाड्यांची रांग लागलेली.

किल -९ म्हणजे हाच फोन. नाव मारण्याचं, काम निरोप्याचं! काटा आणि प्रिंटर ज्याला जोडतात त्या सिरियल पोर्टच्या ड्रायव्हरने (ट्रकचा नव्हे, पोर्ट चालवणारा प्रोग्राम) प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, 'मी उठवेपर्यंत कशानेही उठायचं नाही' असं बजावून झोपवलं असेल, तर निरोप नुसता पडून राहतो.

दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते. पावतीच्या प्रिंटरमधला कागद संपलाय, त्याने तारेवरून 'थांब' म्हटलंय. किल -९ पोचतं, प्रोसेस मरायलाही निघते. पण जाता जाता पोर्ट बंद करताना उरलेली अक्षरं प्रिंटरने घ्यावीत म्हणून दारातच थबकते. लिनक्सचा सिरियल ड्रायव्हर साधारणपणे ३० सेकंद वाट पाहून नाद सोडतो. काही जुने ड्रायव्हर सोडतच नाहीत. कागद भरा, प्रिंटर सुरू करा, प्रोसेस सुखाने प्राण सोडते.

या तारेच्या टोकाला बाइट सुटे करून एकेक बिट रांगेने पाठवणारी जी चिप असते, तिचा मूळपुरुष गॉर्डन बेल. डेक कंपनीच्या पीडीपी-१ संगणकासाठी त्यांनी हे सर्किट रचलं. २०२४ मध्ये ते गेले. मोठमोठ्या संगणकांचे शिल्पकार म्हणून त्यांचं नाव घेतात, या मुकाट राबणाऱ्या तुकड्याचं श्रेय मात्र तळटीपेत जातं. पुढच्या ८२५० चिपमध्ये आलेलं एकच अक्षर थांबू शकायचं. ९६०० बॉडच्या वेगाला दर मिलिसेकंदाला साधारण एक अक्षर येतं. तेवढ्यात उचललं नाही तर गेलं. मग १६ अक्षरांची रांग असलेली १६५५० आली, तर ती रांगच सदोष! दुरुस्ती १६५५०ए मध्ये झाली. ही चिप असलेलं कार्ड बदललं आणि ड्रायव्हर जुनाच राहिला, की चिपची हाक ड्रायव्हरपर्यंत न पोचण्याची शक्यता असते. मग झोपलेल्याला उठवणार कोण?

गंमत म्हणजे युनिक्सचा जन्म, आरएस-२३२-सी हे या तारेचं मानक आणि तुमच्या शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्राची पहिली व्यापारी वीज, तिन्ही १९६९ सालची.

तर मूळ प्रश्नाकडे. यंत्र बंद-चालू करण्याआधी 'पीएस -एल' देऊन डब्ल्यूचॅन हा रकाना वाचा. प्रोसेस कर्नलमध्ये नेमकी कशाची वाट बघत झोपलीय, ते तिथे कळतं. तिथे टीटीवायशी, म्हणजे सिरियल पोर्टशी, नातं सांगणारं काही दिसलं, तर आधी प्रिंटरचा कागद बघा, मग खाऱ्या हवेने गंजलेला कनेक्टर. दोन्ही ठीक असतील, तर कार्डाचा नंबर बघून त्याच्या जोडीचा ड्रायव्हर शोधा.