दोघांची सहल, अंदमानच्या बेटांवर

लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झाली, पोरं मार्गी लागली, आणि आता दोघांनीच कुठंतरी जाऊन यावं, असं म्हणणाऱ्या बायका आपल्या भंडारा जिल्ह्यात वाढल्या आहेत. पंढरपूर, शेगाव झालेलं असतं. मग टीव्हीवर निळा समुद्र आणि पांढरं जहाज दिसतं आणि प्रश्न येतो, हे आपल्याला जमेल का? जमतं. पण आधी काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. आज आम्ही त्याच सांगणार आहोत.

पहिली गोष्ट, 'क्रूझ' या एका शब्दात दोन वेगळ्या सहली येतात. एकीत जहाजावरच राहायचं, जेवायचं, झोपायचं, आणि दिवसा बेटावर उतरून परत जहाजावर यायचं. लक्षद्वीपला कोचीहून अशी सहल करता येते. तिथं जायला आपल्या देशातल्या लोकांनाही आधी परवाना काढावा लागतो. दुसरीत बेटावर मुक्काम करायचा आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोटीनं जायचं. ही अंदमानची रीत. तिथल्या नेहमीच्या बेटांसाठी भारतीयांना परवाना लागत नाही. हिंदी सगळीकडे चालते आणि ताटात भात-मासे असतात, म्हणजे झाडीपट्टीच्या माणसाला परकं वाटायचं कारण नाही. म्हणून पहिल्या खेपेला अंदमान सोयीचं.

अंदमान-निकोबारमध्ये पाचशेहून अधिक बेटं आहेत, पण वस्ती चाळिशीच्या आतच बेटांवर आहे. राजधानी पोर्ट ब्लेअर. २०२४ साली तिचं नाव श्री विजयपुरम झालं. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. तिकिटावर कधी जुनं नाव असतं, कधी नवं. दोन्ही लिहून ठेवा.

जायचं कसं? नागपूरहून रेल्वेनं किंवा विमानानं कोलकाता किंवा चेन्नई गाठायचं. तिथून विमानाला दोन तासांहून थोडं अधिक लागतं. जहाजानंही जाता येतं, पण तीन-चार दिवस मोडतात, आणि समुद्राची सवय नसलेल्याला ते जड जातं. तिकीट काढताना एक गोष्ट बायकांनी स्वतः तपासावी. आधारवर माहेरचं नाव आहे की सासरचं? तिकिटावर अक्षर न् अक्षर तेच हवं. नवऱ्यानं किंवा मुलानं घाईत दुसरं नाव टाकलं, तर विमानतळाच्या दारातच अडचण येते.

केव्हा जायचं? खरिपाचं धान निघालं, मंडई आटोपली आणि घरी उन्हाळी धान नसेल, तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात तिथं पाऊस सुरू होतो आणि परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, बोटी रद्द होतात.

तिथं दिवस लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. घड्याळ आपलंच असतं, पण बेटं आपल्या पूर्वेला सुमारे तेरा रेखांशांवर आहेत. एका रेखांशाला चार मिनिटं धरा. म्हणजे आपल्यापेक्षा साधारण ५२ मिनिटं आधी तिथं सूर्य डोक्यावर येतो. जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. म्हणून फिरणं सकाळी लवकर सुरू करायचं. आपल्या गावच्या बायकांना ते अवघड नाही.

आता बेटांचा क्रम. पहिले एक-दोन दिवस श्री विजयपुरमला. तिथलं सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं गेलं. सात पाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकर १९११ ते १९२१ याच जेलमध्ये होते. ती कोठडी पाहायला वेळ ठेवा. मग स्वराज द्वीप. खासगी बोटीनं दीड-दोन तास, सरकारी बोटीनं थोडा जास्त. सरकारी बोट म्हणजे बेटावरच्या लोकांची एसटीच. त्यांना आधी जागा मिळते, म्हणून आपलं तिकीट लवकर पाहावं लागतं. इथला राधानगर किनारा पांढऱ्या वाळूचा आणि लांबलचक. पुढं शहीद द्वीप. छोटं बेट, भाजीपाल्याची शेती. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी ते वसवलं. मळ्यांतून चालताना दोन गोष्टी विचाराव्यात, त्यांनाही बरं वाटतं.

आपल्या मामा तलावाला भरती-ओहोटी नसते, समुद्राला असते. चंद्राच्या ओढीनं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि ही वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. शहीद द्वीपावरची दगडी नैसर्गिक कमान ओहोटीलाच जवळून पाहता येते. म्हणून मुक्कामी पोहोचल्याबरोबर उद्याची ओहोटी किती वाजता, ते विचारा.

शेवटच्या रात्री मात्र श्री विजयपुरमलाच परत या. हवा बिघडली की बोट रद्द होते. त्याच दिवशी दुपारचं विमान असेल तर ते चुकतं आणि दोघांच्या नव्या तिकिटाचा भुर्दंड बसतो. एजंट एक रात्र वाचवून सहल स्वस्त दाखवतो. त्याला तिथंच विचारा: बोट रद्द झाली तर राहायचा खर्च कोणाचा? पैसे परत किती? उत्तर कागदावर घ्या.

बोट लागते म्हणजे काय? डोळ्यांना बोटीची खोली स्थिर दिसते, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल कळते. दोघांचं जुळत नाही आणि मळमळ सुरू होते. त्यावर उपाय म्हणजे बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसायचं, खिडकीतून दूर क्षितिजाकडे पाहायचं, मोबाइल बंद. पोट रिकामं नको, तेलकटही नको. आल्याचा तुकडा चघळावा. गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग फारसा नसतो.

आमचं सगळ्यात कळकळीचं सांगणं सिकलसेलबद्दल आहे, कारण हा आजार आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. दोघांपैकी कोणी एसएस म्हणजे रुग्ण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमानात बसू नका. विमानातली हवा कोरडी असते, ऑक्सिजन थोडा कमी असतो. शरीरातलं पाणी कमी झालं की दुखणं उसळतं. गार पाण्यात फार वेळ राहणं आणि सिलिंडर लावून खोल बुडी मारणंही त्यांना धोक्याचं. वाहकांना सहसा त्रास होत नाही, तरी पाणी भरपूर प्यावं. तपासणी झाली नसेल, तर सहलीच्या निमित्तानं करून घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा.

छोट्या बोटीत चढताना गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, त्या दिवशी साडीपेक्षा सलवार-कमीज बरी. पोहता येत असो वा नसो, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्याशिवाय बोट सोडू द्यायची नाही. पाण्यात उतरायचं नसेल, तर काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतात. ते दगडासारखे दिसतात, पण बारीक जिवांनी बांधलेले असतात. त्यांच्यावर पाय ठेवला की ते मरतात. प्रवाळ किंवा शंख-शिंपले आठवण म्हणून पिशवीत टाकू नका, कायद्यानं अडचण येते. मगरींचा इशारा देणारी पाटी असेल, तिथं पाण्यात जाऊ नका. बाराटांगला गेलात, तर वाटेवर जारवा लोकांचं राखीव जंगल लागतं. तिथं गाडी थांबवणं, फोटो काढणं, खाऊ देणं याला बंदी आहे. आपल्या दारात कोणी असं केलेलं आपल्याला तरी चालेल का?

राहिले पैसे. बचत गटाचं कर्ज या कामाला घेऊ नका, ते धंद्यासाठी असू द्या. पोस्टात पाच वर्षांचं आरडी खातं निघतं. महिन्याला १५०० रुपये टाकले, तर आपलेच ९०,००० जमतात, व्याज वेगळं. खातं दोघांच्या नावानं काढा. बेटांवर एटीएम मोजकेच, म्हणून थोडी रोकड दोघांकडे वेगवेगळी ठेवा. बोटीचं तिकीट, मुक्कामाचा पत्ता, घरच्यांचा नंबर हेही दोघांच्या पिशवीत हवं. सगळं नवऱ्याच्याच खिशात असलं आणि गर्दीत चुकामूक झाली, तर आपण काय करणार?

या आठवड्यात एकच काम करा. आपलं आधार काढून नाव, जन्मतारीख नीट आहे का पाहा. दुरुस्ती असेल तर आताच अर्ज टाका, म्हणजे जानेवारीपर्यंत कागद तयार होतील. पुढच्या भागात रेल्वेचं तिकीट स्वतः कसं काढायचं ते सांगू.